अंदाज ८ अंशांचा, खालच्या वावरात मात्र हिम

प्रश्न असा आला आहे: "अंदाजात किमान तापमान ८ अंश होतं. तरी खालच्या वावरात पहाटे गवतावर बर्फाचा पापुद्रा दिसला. उतारावरच्या शेजाऱ्याच्या बागेला काहीच झालं नाही. अंदाज चुकला का? आणि अशा रात्री धूर करावा का?"

अंदाज बहुधा चुकला नसावा. तो मोठ्या टापूसाठी असतो, जमिनीपासून दीडेक मीटरवरच्या हवेचा. दरीचा तळ त्याला दिसत नाही. निरभ्र रात्री उतारावरची जमीन उष्णता आकाशात सोडून गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड, म्हणून ती घळीघळीने उतरून खोलगटात साचते. उताराचा मधला पट्टा त्यामुळेच उबदार राहतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात पीटर सिंक्स नावाचा डोंगरातला खळगा आहे. तिथे १ फेब्रुवारी १९८५ रोजी उणे ५६.३ अंशांची नोंद झाली. आपलं वावर त्याचंच सौम्य भावंड समजा.

तेव्हा नुसता आकडा पाहू नका, रात्र कोणत्या जातीची आहे ते ओळखा. डोक्यावर जास्त दाबाचं क्षेत्र, आकाश स्वच्छ, वारा पडलेला, हवा कोरडी: ही साचण्याची रात्र. आकाश ढगाळ असेल तर ढग उष्णता परत पाठवतात, सोसाट्याचा वारा असेल तर थर ढवळून निघतात. दोन्ही वेळी तळ आणि उतार यांत फारसा फरक पडत नाही. फसगत होते ती थंडीची लाट आल्यावर. पहिल्या रात्री वारा असतो, सगळीकडेच गारठा. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वारा पडतो, लोक म्हणतात "आज बरं आहे", आणि तळातलं पीक त्याच पहाटे जातं. संध्याकाळचे ढग मध्यरात्री विरले तरी तेच.

रात्रीचं सर्वांत कमी तापमान नोंदवून ठेवणारे दोन तापमापक घ्या, एक तळात, एक उतारावर, दोन्ही सारख्याच उंचीवर. वहीत रोज संध्याकाळी आकाश, वारा, दाब चढतोय की उतरतोय एवढं लिहा. सकाळी दोन्ही आकडे. एका हंगामात कळेल, निवांत निरभ्र रात्री आपला तळ अंदाजाच्या किती खाली जातो. तेवढे अंश अंदाजातून वजा करायचे. ढगाळ रात्रींचा हिशेब वेगळा ठेवा, एकत्र सरासरी काढलीत तर वही फुकट.

धुराबद्दल स्पष्टच सांगतो: त्याचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता त्यांनी अडत नाही. त्यापेक्षा जमीन कोरडी असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या. ओली, तणमुक्त जमीन दिवसा जास्त ऊब साठवते. आणि वावराच्या खालच्या कडेचं दाट कुंपण एकदा पाहून घ्या. गार हवा तिथे धरणासारखी अडते. बुंध्याशी दोन-तीन ठिकाणी वाट मोकळी करा, म्हणजे ती खाली निघून जाईल. फक्त खाली कुणाचं वावर आहे, तेही बघा.