चिनी ‘जिंग’ या अक्षराचा मूळ अर्थ ‘धागा’ की ‘धर्मग्रंथ’?

मूळ अर्थ धागा, नेमकं सांगायचं तर मागावर उभा ताणलेला धागा, म्हणजे आपला ताणा. ग्रंथ हा अर्थ नंतरचा. अक्षराची रचनाच हे सांगते. डावीकडे रेशमाच्या धाग्याचं चिन्ह आहे. उजवा भाग उच्चार दाखवतो, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तो मुळात ताणा चढवलेल्या मागाचं चित्र आहे. शू शन यांनी इ.स. १००च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘श्वोवन’ कोशातही याचा अर्थ विणकामाशीच जोडलेला आहे. विणताना ताणा जागचा हलत नाही, बाणा म्हणजे आडवा धागा त्यातून ये-जा करतो. त्यामुळे न बदलणारा नियम, आणि पुढे प्रमाण ग्रंथ, असा अर्थ वाढत गेला असं सहसा मानतात. याच अक्षरापासून पुढे बनलेले काही शब्द फार सुंदर आहेत:

- रेखावृत्त (अक्षवृत्तासाठी बाण्याचं अक्षर ‘वेइ’)
- चिनी वैद्यकातल्या शरीरातल्या वाहिन्या
- कारभार चालवणं

मात्र ‘जिंग म्हणजे संस्कृत सूत्राचं भाषांतर’ हे अर्धंच खरं. बौद्ध सूत्रांना हे नाव मिळालं खरं, पण कन्फ्यूशियन परंपरेतले ग्रंथ बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याआधीपासूनच ‘जिंग’ म्हणवले जात होते. दोन्हीकडे धाग्यावरूनच ग्रंथाला नाव पडलं, पण स्वतंत्रपणे.