पहिला वाढदिवस घरीच: केकच्या आधी औक्षणाचे फोटो काढा

तुम्ही विचारलंय की बाळाचा पहिला वाढदिवस दोन खोल्यांच्या घरातच करायचाय, फोटोग्राफर न बोलावता घरच्या कॅमेऱ्यावर चांगले फोटो येतील का, आणि ट्यूबलाइटमध्ये फोटोंवर पट्टे येतात त्याचं काय करायचं.

चांगले येतील. माझ्या मुलीचे मीच काढले होते. पण सगळी तयारी केली ती संध्याकाळच्या केकसाठी. तिची झोपेची वेळ साडेसहाची, केक कापला आठला. घरात तीसेक माणसं, फुगे फुटताहेत, टाळ्या वाजताहेत. बहुतेक फोटोंत ती रडतेय. सकाळी माझ्या आईनं तिला ओवाळलं तेव्हा मी मिठाई आणायला बाहेर गेलो होतो. आई आता नाही, आणि त्या औक्षणाचा एकही फोटो नाही.

म्हणून सांगतो, खरे फोटो सकाळी काढा. बाळाची झोप झालेली, पोट भरलेलं असं बघून औक्षणाची वेळ ठरवा. औक्षणाला पूर्वेकडे तोंड करून बसवायची पद्धत आहे. तुमची खिडकी पूर्वेला असेल तर उजेड आपसूक बाळाच्या चेहऱ्यावर येतो. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा किंवा धुतलेलं धोतर सोडा. खोलीतले दिवे बंद ठेवा, नाहीतर एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो. पंखाही बंद, निरांजन विझतं. बाळ ज्योतीकडे झेपावतंच, त्यामुळे पाटावर एकटं न बसवता कुणाच्या तरी मांडीवर बसवा.

तुम्ही जमिनीवर बसा, कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्यानं काढलेल्या फोटोत नुसतं टाळकं येतं. 50 मिमीची लेन्स असेल तर लहान सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या भागाच्या) कॅमेऱ्यावर ती 75-80 मिमीसारखी वागते, म्हणजे फोटोत कमी जागा येते. दहा बाय बाराच्या खोलीत आजी आणि बाळ दोघं मावत नाहीत. 35 मिमी किंवा कॅमेऱ्यासोबत मिळणारी किटलेन्सच बरी. शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, 1/250 सेकंदाच्या आसपास ठेवा, फोकस बाळाच्या डोळ्यावर. तबकातली सुपारी, अंगठी, अक्षता आणि ओवाळणारा हात यांचेही जवळून दोन-तीन फोटो घ्या. मला आज तो हातच हवा असतो.

आता पट्ट्यांचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. शटर 1/100 सेकंदाहून वेगवान ठेवलं की पट्टे येतात. बऱ्याच एलईडी दिव्यांचंही तेच. संध्याकाळी शटर 1/100 वर ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 1600 किंवा 3200 पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतात. छत पांढरं असेल तर वेगळा फ्लॅश छताकडे वळवून मारा, बाळाच्या तोंडावर कधीच नको. केकचे दहा-बारा फोटो मिळाले की पुरे, मग बाळाला आत नेऊन निजवा.

आणि बाळाच्या आईला विसरू नका. तिच्या मागे दिवसभर कामं असतात, फोटोंत ती सापडतच नाही. सेटिंग आधी लावून कॅमेरा मामाच्या हातात द्या, त्यानं फक्त बटण दाबायचं, आणि तुम्ही दोघंही बाळाजवळ पाटाशी बसा.