हातातलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. चित्र हातात असताना बरं दिसतं. चार लोकांना दाखवायला फोटो काढला, स्कॅन केलं किंवा छापलं की काहीतरी बिघडतं. सुरुवात तिथूनच.

प्रश्न : जलरंगातलं चित्र मोबाइलवर टिपलं की कोरा कागद मळका, निळसर दिसतो. आकाशाचा फिका वॉश (पातळ रंगाचा पसरट थर) गायब होतो आणि चित्राच्या सरळ कडा पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात. मोबाइल बदलावा का?

उत्तर : मोबाइल राहू द्या. ही तीन निरनिराळी दुखणी आहेत.

मळकेपणा कॅमेऱ्याच्या हिशेबातून येतो. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं असणार असं गृहीत धरून तो उजेड मोजतो. जलरंगाच्या चित्रात मोठा भाग कोरा किंवा अगदी फिका असतो, म्हणून कॅमेऱ्याला उजेड जास्त झाल्यासारखं वाटतं आणि तो फोटो गडद करतो. पडद्यावर चित्राच्या मध्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) तिथे लॉक होतं. मग उजळपणाची पट्टी हळूहळू वर सरकवा. वेगळा कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +२/३ ते +१ ठेवा. कोऱ्या कागदाचा दाणा जेमतेम दिसतो आहे तोवरच वर जायचं. दाणा पुसला गेला की फिका वॉशही गेला, आणि तो नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये परत मिळत नाही.

निळसरपणा उजेडाचा. मोकळ्या सावलीत चित्रावर पडणारा उजेड हा निळ्या आकाशाचा असतो, त्यामुळे कागद निळा पडतो. ढगाळ दिवसाचा उजेड सगळ्यात बरा. सगळ्यात वाईट म्हणजे खिडकीचा उजेड आणि खोलीतला पिवळा दिवा एकत्र. मग चित्राची एक बाजू निळी, दुसरी पिवळी, आणि एक सावरायला गेलात की दुसरी बिघडते. दिवा बंद करा. भडक लाल शर्ट घालूनही चित्रासमोर उभं राहू नका, त्याची झाक पांढऱ्या कागदावर उतरते. रंग सावरण्यासाठी चित्राशेजारी करडं कार्ड ठेवून फोटो घ्या आणि फोटोच्या अ‍ॅपमधला व्हाइट बॅलन्सचा (रंगाची झाक काढणारा) ड्रॉपर त्या कार्डावर टेकवा. कोऱ्या कागदावर टेकवू नका. बरेच कॉटन कागद मुळातच किंचित पिवळसर असतात, मग सगळं चित्र थंड पडतं.

उरल्या कडा. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्याची असते. अगदी जवळ जाऊन फोटो काढला की कडा फुगतात. एक ते दीड मीटर मागे सरका आणि २एक्स झूम वापरा. काही फोनमध्ये हा झूम म्हणजे नुसती कात्री असते, थोडे पिक्सेल जातात. वाकड्या कडांपेक्षा ते परवडलं. चित्र भिंतीला सरळ उभं लावा आणि कॅमेरा त्याच्या मध्याच्या उंचीवर आणा. कॅमेरा खरोखर समोरासमोर आहे का, हे कळायला चित्राच्या मध्यावर हातातला छोटा आरसा सपाट टेकवा. आरशात तुमची लेन्स बरोबर मधोमध दिसली की झालं; वरच्या कडेला सरकलेली दिसली तर कॅमेरा उंच आहे. आरसा काढा आणि फोटो घ्या. पाच सेकंदांचं काम आहे, आणि नंतर चौकट ओढूनताणून चौकोनी करण्यात जाणारा वेळ वाचतो.

खिडकी एका बाजूला असेल तर विरुद्ध बाजूला मोठा पांढरा पुठ्ठा उभा करा, नाहीतर चित्राची लांबची कड काळवंडते. अ‍ॅक्रिलिक किंवा वार्निश केलेल्या चित्रावर चकाकी येते. त्यासाठी एकाच प्रकारचे दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत आणि सारख्या अंतरावर लावा. काचेच्या फ्रेममधलं चित्र मात्र बाहेर काढूनच टिपायचं.

प्रश्न : मग स्कॅनरच बरा नाही का? आणि किती डीपीआयवर (दर इंचाला किती ठिपके) स्कॅन करावं?

उत्तर : ए४ पर्यंतच्या, सपाट, कोरड्या चित्राला स्कॅनर बरा. मूळ मापातच छापायचं असेल तर ३०० डीपीआय. ए४ चे २४८० × ३५०८ पिक्सेल मिळतात. ए५ वहीतलं स्केच ए३ एवढं मोठं करायचं असेल तर ६००, कारण लांबी-रुंदी दुप्पट होते. नुसतं पडद्यावर दाखवायचं तर लांब बाजू २००० पिक्सेल पुष्कळ झाली, पण मूळ मोठी फाइल टाकून देऊ नका.

कागद पाण्यानं वाकला असेल तर बारीक, सडपातळ स्कॅनर फसतो. त्यातल्या सीआयएस सेन्सरला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, दोन-तीन मिलिमीटर वर उचललेला भाग धूसर होतो. जाड्या, जुन्या पद्धतीच्या सीसीडी स्कॅनरला हे बऱ्यापैकी चालतं.

दुसरा त्रास खरखरीत कागदाचा. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं येतो, त्यामुळे कागदाच्या प्रत्येक दाण्याला सावली पडते आणि आकाशाला देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं. त्याच चित्राचे दोन स्कॅन घ्या, दुसरा चित्र १८० अंशांत फिरवून. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा सरळ करून पहिल्यावर नीट जुळवा आणि वरच्या लेयरची (थराची) अपारदर्शकता ५० टक्के करा. एकीकडची सावली दुसरीकडच्या उजेडानं बरीचशी कटते. शिवाय स्कॅनरचं 'आपोआप सुधारणा' हे बटण बंद ठेवा. फिके वॉश तेच खातं.

प्रश्न : ट्यूबमधले रंग सुंदर दिसतात, मिसळले की चिखल होतो. आणि सुकताना मधेच फुलकोबीसारखे डाग उठतात. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) आहे.

उत्तर : कागद ठीक आहे. आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे रंगद्रव्याचा संकेत असतो : पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीबीआर ७ म्हणजे बर्न्ट सिएना वगैरे मातीचे रंग. सॅप ग्रीनसारख्या अनेक ट्यूबांत दोन किंवा तीन द्रव्यं आधीच मिसळलेली असतात. अशा दोन ट्यूब एकत्र केल्या की तुम्हाला वाटतं दोन रंग मिसळले, कागदावर असतात चार-पाच. त्यात लाल, पिवळा, निळा तिन्ही येऊन गेले की करडा ठरलेलाच. शक्यतो एकाच संकेताच्या ट्यूब घ्या आणि एका मिश्रणात दोन, फार तर तीन द्रव्यं ठेवा.

करडा हवाच असेल तेव्हा मात्र तो मुद्दाम करा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा करडा जिवंत असतो, कारण नारिंगीकडे झुकलेला तपकिरी निळ्याला मारतो, पण पूर्ण मारत नाही. निळा जास्त घेतला तर पावसाळी ढग, सिएना जास्त तर ओली भिंत. काळ्या ट्यूबची गरजच पडत नाही.

चिखलाचं दुसरं कारण हात. अर्धवट सुकलेल्या वॉशवरून ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की खालचा थर उचलला जातो आणि वरच्यात कालवला जातो. एक फटका मारा आणि सोडून द्या.

फुलकोबी कशी उठते हे एकदा टाकाऊ कागदावर समोर बसून पाहा. वॉश दिल्यावर कागद आधी लखलखतो, खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. दोनेक मिनिटांत, हवेप्रमाणे कमी-जास्त, ती लकाकी मंदावते, रेशमासारखी होते. मग ती जाते, पण तळहाताची मागची बाजू अलगद टेकवली तर कागद गार लागतो. आत अजून ओल असते. नेमक्या रेशमी अवस्थेत ब्रशमधलं जादा पाण्याचा एक थेंब सोडा. थेंबातलं पाणी कमी ओल्या कागदात घुसतं, वाटेतलं रंगद्रव्य ढकलत नेतं आणि जिथे थबकतं तिथे कातरलेली काठाची रेघ सोडतं. म्हणून लखलखत्या कागदावर हवं ते करा, पूर्ण सुकलेल्यावरही करा. मधल्या काळात हात बांधून बसा. तेव्हाच रंग सोडायचा असेल तर ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं, रंग सायीसारखा दाट.

डाग उठलाच तर ओला असताना दुरुस्त करायला जाऊ नका. पूर्ण सुकू द्या, मग ओलसर ब्रशनं काठ मऊ करून टिपकागदानं टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उठतो. थॅलो निळा कागदात मुरतो, तो उठणार नाही. तिथे एखादं झाड काढा.

आणि जलरंग सुकल्यावर फिका होतो, तर अ‍ॅक्रिलिक गडद. अ‍ॅक्रिलिकमधला बाइंडर ओला असताना दुधाळ असतो, सुकला की पारदर्शक होतो आणि खालची खरी छटा दिसते. दोन्ही माध्यमं वापरणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. रंग जुळवायचा असेल तर चुटपुट न लावून घेता तुकड्यावर लावा आणि सुकवून बघा.

प्रश्न : स्केचबुकमधली पेन्सिलची चित्रं समोरच्या पानावर उमटतात. फिक्सेटिव्ह (चित्र पक्कं करणारा फवारा) मारलं तर ठिपके पडले.

उत्तर : ठिपके पडले म्हणजे डबा फार जवळ होता. ३० सेंटिमीटरवर धरा, फवारा चित्राच्या बाहेर सुरू करा, सरळ ओढत नेऊन बाहेरच संपवा. हलके दोन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि मोकळ्या हवेत. चारकोलवर पांढऱ्या खडूचे उजाळे असतील तर ते फिक्सेटिव्हनंतर द्या. आधी दिले तर फवाऱ्यात विरतात. हेअर स्प्रे वापरू नका, काळाबरोबर पिवळा पडतो. पानं एकमेकांवर घासल्यानं चित्र उमटतं, म्हणून वहीला घट्ट रबर लावला आणि मध्ये गुळगुळीत ग्लासिन कागद ठेवला तर निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न : पेन्सिलचं रेखाटन स्कॅन करून डिजिटल रंग भरतो. रेघेच्या कडेनं पांढरी किनार राहते आणि सगळं चित्र धुरकट दिसतं.

उत्तर : धुरकटपणा म्हणजे कागदाचा स्वतःचा करडेपणा. स्कॅन ग्रेस्केल करा, लेव्हल्स (उजळ-गडद ठरवणारी पट्टी) उघडा, पांढरी खूण डावीकडे आणा म्हणजे कागद खरा पांढरा होईल. मग काळी खूण उजवीकडे, गडद रेघ काळी होईपर्यंत. त्यापुढे नेलंत तर पेन्सिलचा हळुवारपणा जाऊन शाईची रेघ वाटेल. आता या लेयरला मल्टिप्लाय मोड द्या आणि लॉक करा. मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार : पांढरा म्हणजे १, त्यानं गुणून खालचा रंग बदलत नाही, काळा म्हणजे शून्य. रंग नेहमी या लेयरच्या खाली, नव्या लेयरवर.

किनारीचं कारण बादली, म्हणजे एका क्लिकमध्ये रंग भरणारं साधन. पेन्सिलची रेघ कडेला करडी होत जाते आणि बादली पहिल्याच करड्या पिक्सेलला थबकते. तिचा टॉलरन्स (जवळच्या किती छटा धरायच्या ते) वाढवा आणि भराव दोन-तीन पिक्सेल बाहेर वाढवण्याची सोय चालू करा. क्रिता आणि गिम्प या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. रंग रेघेखाली सरकतो आणि किनार झाकते. सावल्यांसाठी वेगळा लेयर घेऊन तो रंगाच्या लेयरला क्लिप करा, म्हणजे ब्रश कितीही मोकळा फिरवला तरी आकाराबाहेर सांडत नाही.

प्रश्न : पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापल्यावर मरगळतो.

उत्तर : पडदा उजेड फेकतो, शाई तो गिळते. झगझगीत हिरवा, विजेरी निळा आणि तीव्र नारिंगी चार शाईंच्या छपाईत येतच नाहीत. छापण्यापूर्वी सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी दिसेल ते पडद्यावरच दाखवणारी सोय) चालू करून पाहा आणि मरणारे रंग स्वतःच बदला, मशिनवर सोडू नका. छपाई सगळीकडूनच काळपट येत असेल तर दोष बहुधा पडद्याच्या वाढवलेल्या ब्राइटनेसचा. ऑनलाइन ठेवायची फाइल मात्र एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीतच, आणि जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह न करता (दर वेळी दर्जा घसरतो) मूळ लेयरवाल्या फाइलमधून दर वेळी नवी काढा.

प्रश्न : दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं चित्र दाखवलं तर चालतं का? खाली नाव देतो.

उत्तर : नाव देणं वेगळं आणि परवानगी वेगळी. फोटोचा हक्क साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो. सरावासाठी वहीत काढणं ही एक गोष्ट. ते लोकांपुढे ठेवणं किंवा विकणं ही दुसरी, तिथे विचारून घ्या. विचारताना चित्राचा फोटो जोडा आणि कुठे दाखवणार, विकणार की नाही, हे दोन ओळींत लिहा. होकार आला तर तो जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर तो होकार धरू नका. स्वतः काढलेला साधा, धूसर फोटो समोर ठेवून पुन्हा रंगवा. संदर्भ धूसर असला की तपशील कॉपी करता येत नाही, छटा मात्र नीट दिसतात.