किल्ल्या इतक्या, तरी सब्स्टिट्यूशन सायफर कच्चा का?

तुमचा प्रश्न असा आहे : एका अक्षराच्या जागी दुसरं लिहायचं एवढ्यावर चालणारी गुप्त लिपी नेमकी कशी असते, आणि इतक्या किल्ल्या (म्हणजे कुठल्या अक्षराऐवजी कुठलं, हे ठरवण्याच्या तऱ्हा) शक्य असूनही ती कच्ची का मानतात?

कोल्हापुरात महाद्वार रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे, तेव्हा लेबलापासूनच सुरू करतो. गिऱ्हाइकासमोर घासाघीस करताना खरेदी भाव डोळ्यापुढे हवा, पण त्याला कळता कामा नये. म्हणून एकही अक्षर पुन्हा न येणारी दहा अक्षरी ओळ धरायची. आमची खरी ओळ सांगणार नाही, पण ही चालेल : ‘तांबडा पांढरा मिसळ खा’. काना-मात्रा सोडा, उरतात त ब ड प ढ र म स ळ ख. त म्हणजे 1, ब म्हणजे 2, असं करत ळ म्हणजे 9 आणि ख म्हणजे 0. साडी 640 ला पडली तर लेबलावर ‘रपख’. झाला सब्स्टिट्यूशन सायफर.

अक्षरांचंही तेच. प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकवा, ळ आला की परत क : ‘रंकाळ्यावर भेटू’चं ‘लंखाक्राशल मेठू’ होतं. ज्युलियस सीझर तीन घरं सरकवायचा. (शाळेतली ‘च’ची भाषा यात बसत नाही. ‘मला’चं ‘चलाम’ करताना म तसाच राहतो, फक्त मागे जातो.) सरकवण्याच्या पद्धतीत 34 व्यंजनांना किल्ल्या 33 च, दुपारच्या चहापर्यंत सगळ्या तपासून होतील. पण क्रम न पाळता कुठलंही व्यंजन कुठल्याही व्यंजनासाठी ठरवलं, तर शक्यतांचा आकडा 39 अंकी होतो. तिथेच लोक फसतात.

कारण किल्ल्या मोजत बसायची गरजच नसते. चौकस गिऱ्हाइकानं आमची वीसेक लेबलं चाळली, तर बहुतेकांच्या शेवटी ख दिसेल. भाव शून्यावर संपतात हे कुणालाही ठाऊक, म्हणजे ख गेला. ‘ततढख’ दिसलं की पहिले दोन आकडे सारखे, हेही उघड. अक्षर बदललं, सवय बदलली नाही.

मराठी पत्रात तर आणखी सोपं. व्यंजनं बदलून मात्रा तशाच ठेवल्यात आणि वाक्यामागून वाक्य ‘आळे’वर संपायला लागलं, तर ते ‘आहे’ हे सांगायला पंडित लागत नाही. ळ म्हणजे ह. मग ‘पाळी’ हा शब्द वरचेवर दिसतो, तो ‘नाही’ असणार, म्हणून प म्हणजे न. ‘ळोथा’ म्हणजे ‘होता’, त मिळाला. पत्र पुरेसं लांब असेल तर पुढचं आपोआप सुटत जातं. मात्राही बदलल्यात तरी काना मराठीत इतका येतो की लपत नाही. अक्षरं मोजून लिपी फोडायची ही रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं लिहून ठेवली. स्कॉटलंडच्या राणी मेरीची गुप्त पत्रं 1586 मध्ये अशीच फुटली, आणि तिच्या लिपीत तर अक्षरांशिवाय अख्ख्या शब्दांसाठीही खुणा होत्या. पुढच्या वर्षी तिचं डोकं उडवलं.

उपाय आहे, आणि तोही जुना. जे जास्त येतं त्याला एकापेक्षा जास्त चिन्हं द्यायची. इटलीतल्या मांतुआच्या दरबारात 1401 साली स्वरांसाठी असं केलेलं आहे. लेबलावर शून्यासाठी ख, ज, व यांपैकी कुठलंही लिहा, म्हणजे शेवटचं अक्षर चुगली करणार नाही. गिऱ्हाइकापुरतं तेवढं बास. पत्राला मात्र पुरत नाही, कारण कुठल्या अक्षरामागे कुठलं येतं याचीही मोजदाद करता येते. बँकेचा पासवर्ड असल्या लिपीत डायरीत लिहिणार असाल, तर नका लिहू.