पिशवीतलं पिस्तूल

मी पोलिस दलात सव्वीस वर्षं होते. त्यातली अकरा वर्षं प्रशिक्षण केंद्रात शस्त्रं शिकवण्यात गेली. ज्युदो त्याहून जुना, कोल्हापुरात शाळेत असल्यापासूनचा. आता निवृत्तीनंतर मुलींना आणि बायकांना स्वसंरक्षण शिकवते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहांना इथे उत्तरं देते आहे.

मी खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. आठवड्यातून तीनदा रात्री साडेदहाला सुटते आणि स्कूटीवरून बारा किलोमीटर घरी जाते. दोनदा एका मोटरसायकलवाल्याने पाठलाग केला. मला रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळेल का? प्रशिक्षण किती दिवसांचं असतं? (सांगली जिल्हा)

ताई, परवान्याचं नंतर सांगते. आधी तक्रार द्या. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचे दिसले असतील तेवढे आकडे एका कागदावर लिहा आणि पोलिस ठाण्यात पोच घेऊन या. दुसरं, रुग्णालयाला लेखी पत्र द्या. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घरापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तसं आहे आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या रुग्णालयांनाही तो लागू होतो. ही गाडी मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

आता परवाना. वय एकवीस पूर्ण असेल तर अर्ज करता येतो. तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आणि पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. पोलिस चौकशी होते, जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. मिळेलच असं नाही. मिळाला तर पाच वर्षांचा असतो.

पण समजा मिळाला. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. ते तुमच्या पर्समध्ये आहे, पर्स स्कूटीच्या डिकीत आहे आणि तुमचे दोन्ही हात हँडलवर आहेत. मोटरसायकल शेजारी आली तर ते बाहेर कसं येणार?

हे मी अनुभवातून लिहिते. नोकरीला नऊ वर्षं झाली असताना एका रात्री साध्या कपड्यांत रंकाळा स्टँडजवळून चालले होते. खांद्याच्या पिशवीत सरकारी रिव्हॉल्व्हर, सहा काडतुसं भरलेलं. मागून एकाने गळ्याभोवती हात टाकला. पिशवी घसरून कोपरात अडकली आणि माझा उजवा हात तिच्या पट्ट्यातच गुंतला. त्या वेळी मी चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, दर वर्षी पहिल्या तिघांत यायचे. रिव्हॉल्व्हरला मी शिवूसुद्धा शकले नाही. हनुवटी छातीशी दाबली, डाव्या कोपराने त्याच्या बरगडीत दोनदा मारलं, त्याच्या पायावर टाच आपटली, पकड सैल झाली तशी ओरडत चहाच्या गाड्याकडे पळाले. हे सगळं ज्युदोच्या मैदानावरचं होतं, चांदमारीवरचं नव्हतं.

तेव्हापासून मी वर्गात एक सराव घेते. मुलीच्या पर्समध्ये प्लास्टिकचं पिस्तूल ठेवायचं. सात मीटरवर एक जण उभा करायचा, त्याच्या हातात सुऱ्याऐवजी लाल मार्कर. शिट्टी वाजली की तो धावत येतो. चेन उघडायची, दस्ता हाताला लागायचा, नळी बाहेर काढून वळवायची. आजवर फार थोड्या जणींना हे जमलं. बाकीच्यांच्या पांढऱ्या कुडत्यावर लाल रेघा. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलिस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी हे १९८३ मध्येच मोजून लिहिलं होतं: सुरा घेतलेला माणूस एकवीस फूट साधारण दीड सेकंदात कापतो. त्यांचे पोलिस कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढणारे होते, चेनच्या पर्समधून नव्हे.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. गाडी मागे लागली की घराच्या रस्त्याला वळू नका. पेट्रोल पंप, मेडिकल, माणसं असलेला ढाबा, जिथे उजेड असेल तिथे गाडी थेट आत घाला आणि ११२ लावा. मोबाइल डिकीत नको, अंगावर हवा. मिरचीचा फवारा ठेवायचा तर तोही हाताशी हवा. त्यावरची तारीख बघा, आणि नवा आणला की मोकळ्या जागेत एकदा मारून बघा, म्हणजे वाऱ्याचं कळेल.

नेमबाजी शिकावीशी वाटत असेल तर खेळ म्हणून जरूर शिका. दहा मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करा. माझ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं, दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्या खेळात श्वास स्थिर करायला वेळ असतो आणि समोरचा कागद तुमच्या अंगावर धावून येत नाही.

आम्ही तीन वर्षांपासून डॅलसजवळ राहतो, नवरा एच-वन-बी व्हिसावर आहे. इथे सगळ्यांकडे पिस्तूल असतं, परवानाही लागत नाही म्हणे. तो घ्यायचं म्हणतो. (टेक्सास)

थांबवा त्यांना, आजच. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं हे खरं. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. शेजाऱ्याचं बघून घेतलेल्या एका पिस्तुलापायी कैद आणि हद्दपारी दोन्ही ओढवू शकते. तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूकसुद्धा हातात घेऊ नये.

आम्ही शेतातल्या वस्तीवर राहतो, दोनच घरं. मागच्या महिन्यात शेजारच्या शिवारात दरोडा पडला. आजोबांची बारा बोअरची दुनळी घरात आहे. ते वारले त्याला चार वर्षं झाली. रात्री मी ती भरून उशाशी ठेवतो. नीट चालवायला कुठे शिकू? (शिरूर तालुका)

दादा, तुमचं पत्र वाचून मला झोप लागली नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. बंदूक वारसाला आपोआप मिळत नाही. परवानाधारक वारला की ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, स्वतःच्या नावावर परवाना काढायचा, मग सोडवून आणायची, असं शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. आज ती तुमच्याकडे बेकायदा आहे. उद्या त्याच बंदुकीने तुम्ही खरोखर घर वाचवलंत तरी शस्त्र कायद्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. सरपंचांना किंवा वकिलांना बरोबर घ्या आणि स्वतः होऊन जमा करा. जाताना दोन्ही नळ्या रिकाम्या, बंदूक बिजागरीतून वाकवून उघडी, काडतुसं वेगळ्या पिशवीत.

आणि ती भरून उशाशी? तुम्ही लिहिलंय की घरात सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला अंधारात चोर कोण आणि लघवीला उठलेलं पोर कोण, हे कळत नाही. मी शिकवताना पहिल्या दिवशी गोळी झाडूच देत नसे. शस्त्र हातात आलं की रिकामं आहे का ते स्वतः बघायचं, नळी कुणाकडे वळवायची नाही, बोट घोड्याबाहेर, नेमाच्या मागे काय आहे ते पाहायचं. एवढंच दिवसभर. एकदा एका जवानाचं पिस्तूल अडकलं आणि मला दाखवायला म्हणून तो पिस्तूल घेऊनच माझ्याकडे वळला. नळी माझ्या पोटाच्या रेषेत होती. तो हुशार मुलगा होता, शंभरदा सांगितलेलं त्या क्षणी विसरला.

नवा परवाना मिळाला तर बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा. निवडणुकीत जमा करायला सांगितलं तर जमा करावी लागेल, म्हणजे त्या दिवसांत वस्ती बिनबंदुकीचीच राहणार. त्यामुळे बाकीचा बंदोबस्त आधी. दाराला आतून दोन आडणे, घरापासून लांब लावलेला दिवा, भुंकणारं कुत्रं, दोन्ही घरांत ठरवलेली एक हाक. ग्रामसुरक्षा यंत्रणेत तुमचं गाव नोंदवलेलं आहे का विचारा. एका फोनवर अख्ख्या गावाचे मोबाइल वाजतात. दरोडेखोर चार-सहा असतात. चाळीस माणसं बॅटऱ्या घेऊन येताना दिसली की ते थांबत नाहीत.

मुलगी नववीत आहे. शाळेत तीन दिवसांचं कराटे शिबिर झालं, प्रमाणपत्रही मिळालं. आता ती म्हणते, मला सगळं येतं. कराटे चालू ठेवावं, की ज्युदो, की क्राव मगा हा इस्रायली स्वसंरक्षणाचा प्रकार? (चिंचवड)

मला या 'सगळं येतं'ची भीती वाटते. तीन दिवसांत ठोसा कसा मारायचा ते कळतं. समोरचा जोर लावून धरतो तेव्हा काय होतं, ते कळत नाही. वर्ग निवडताना प्रकाराचं नाव बघू नका, तासभर कोपऱ्यात बसून बघा. जोडीदार खरंच विरोध करतो का, की मुलीने हात लावला की आपणच पडतो? वेगवेगळ्या वजनाच्या जोड्या लावतात का? ओरडायला शिकवतात का? सुटल्यावर पळायचं, हे शिकवतात का? ही उत्तरं 'हो' असतील तर कुठलाही वर्ग चालेल. मला स्वतःला ज्युदो आवडतो, कारण त्यात आधी पडायला शिकवतात आणि रोज कुणीतरी जिवंत माणूस तुम्हाला ओढत असतो.

तुमची मुलगी कबड्डी खेळते असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. अहो, तेच तर मोठं शिक्षण आहे! घोटा पकडला, कंबर पकडली, तीन जणी अंगावर आल्या तरी रेषेकडे जीव तोडून सरकायचं. ज्या मुली कबड्डी किंवा कुस्तीतून माझ्याकडे येतात, त्यांना धरल्यावर गोठून जाण्याचा त्रास फार कमी होतो. ती कबड्डी सोडवू नका. आमच्याकडच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यातही बघा. दांडपट्टा रस्त्यावर न्यायचा नाही, पण लाठीमुळे पायांचा पवित्रा आणि नजर तयार होते.

आणि एक गोष्ट घरात बोला. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडे दर वर्षी सांगतात. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी आपण मुलीला ठोसे शिकवतो आणि क्लासचे सर, मित्राचा भाऊ, घरी येणारा काका यांच्याबद्दल गप्प बसतो. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन यांनी बारा तासांचा एक अभ्यासक्रम तपासला, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्या मुली, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात शेकडा ९.८, अभ्यासक्रम केलेल्या गटात ५.२. त्या बारा तासांत हातापायांचे डावही होते, पण मोठा भाग ओळखीच्या माणसाचा डाव लवकर ओळखण्याचा आणि संकोच न करता 'नाही' म्हणण्याचा होता. आपल्या मुलींना मोठ्या माणसाला 'हात काढा' असं मोठ्याने म्हणायची सवय नसते. मी वर्गात ते वाक्य पन्नासदा म्हणून घेते. पहिल्या दिवशी कित्येकींचा आवाजच फुटत नाही.

मी मारलं आणि तोच जबर जखमी झाला तर केस माझ्यावर होईल का? (नाशिक)

चौकशी होईल, पण कायदा तुमच्या बाजूचा आहे. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ वाचा. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो, हे कलम ३८. धोका सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हा हक्क असतो, आधी मार खाल्लाच पाहिजे असं नाही. त्या घाईत किती जोर लावला हे सोन्याच्या तराजूत तोलायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग प्रकरणात २०१० मध्ये सांगितलं आहे. मात्र तो पळू लागला किंवा निपचित पडला, की हक्क तिथेच संपला. त्यानंतरची एक लाथसुद्धा गुन्हा ठरू शकते. म्हणून मी मुलींना मागे धावू देत नाही. सुटलात की माणसांत जा, ११२ लावा, दवाखान्यात स्वतःच्या जखमांची नोंद करा, कपडे धुऊ नका.

माझं वय ६२. सकाळी फिरताना मोटरसायकलवाल्यांनी मंगळसूत्र ओढलं, मी धरून ठेवलं आणि पडून मनगट मोडलं. आता बाहेर पडायची भीती वाटते. या वयात काय शिकणार? (डोंबिवली)

मावशी, पुन्हा कधी तसं झालं तर सोडून द्या. सोनं परत घेता येतं. फिरताना समोरून गाड्या येतील अशा बाजूने चाला, म्हणजे मागून कुणी अचानक येणार नाही.

आणि शिकण्यासारखं पुष्कळ आहे. माझ्या वर्गात सर्वांत मोठ्या बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्या फक्त पडायला शिकतात. मनगट मोडतं ते तळहात टेकून पडल्यामुळे. हनुवटी आत, पाठ गोल, हात शरीराच्या बाजूने पसरून पूर्ण बाहूने जमिनीवर आपटायचा, म्हणजे मार एका हाडावर न येता विभागला जातो. आधी डॉक्टरांना मनगट आणि हाडांची घनता दाखवा, त्यांनी हो म्हटलं तरच सुरू करा, आणि पहिल्यांदा जाणकार माणूस शेजारी हवा. गादी जाड घ्या. पहिले पंधरा दिवस उभं राहून पडायचं नाही, गादीवर बसायचं आणि बसल्या जागेवरूनच मागे लोळायचं, रोज दहा वेळा.