लेकीची ठेव मोडून बर्फाची टाकी घ्यावी का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं दूध शीतकरण केंद्र आहे. संध्याकाळी सहा ते नऊ १५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर चालतो. युनिटचा दर ७ रुपये. दुपारच्या स्वस्त विजेवर बर्फ साठवून संध्याकाळी त्यावर दूध थंड करणारी टाकी ६ लाखांना मिळते. ग्रीडला, म्हणजे वीजजाळ्याला, मदत केल्याचे पैसेही मिळतील, असं विक्रेता सांगतो. लेकीच्या शिक्षणाची ७ टक्क्यांची ठेव मोडू का?

उत्तर : ठेव मोडू नका. कल्पना मात्र खरोखर चांगली आहे. पावगडच्या सौर पॅनेलवरचं ऊन उतरतं तेव्हाच घरोघरी दिवे लागतात, आणि ती तूट शरावती नदीच्या पाण्यावरच्या विजेला, कोळशाच्या संचांना भरून काढावी लागते. त्या वेळी तुमचा कॉम्प्रेसर थांबला तर तेवढा भार हलका होतो.

आता हिशेब. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनुसार १० किलोवॅटवरच्या उद्योगांना उन्हाच्या तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत नेहमीच्या दराच्या किमान १.२० पट हवी. म्हणजे ५.६० आणि ८.४० रुपये. तुमची ४५ युनिटं संध्याकाळी ३७८ रुपयांना पडतात. बर्फ करायला जास्त वीज लागते. ५२ युनिटं धरली तर दुपारी २९१ रुपये. वर्षाची बचत जेमतेम ३२ हजार, आणि ठेवीचं व्याज ४२ हजार! हेस्कॉम या तुमच्या वीज वितरण कंपनीच्या बिलात दुपारची सूट दिसत नसेल तर तूट आणखी वाढेल.

विक्रेत्याच्या ‘ग्रीडच्या पैशां’वर एक रुपयाही धरू नका. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमांत आपली विजेची मागणी कमी-जास्त करणाऱ्या ग्राहकांनाही जागा आहे, पण दुय्यम राखीव सेवेसाठी, म्हणजे ग्रीडचा तोल सांभाळायला सांगितलं की लगेच वीज कमी-जास्त करण्यासाठी, किमान १ मेगावॅट (१,००० किलोवॅट) लागतो. तुमच्यासारखी सदुसष्ट केंद्रं एकत्र आली तर कुठे तो आकडा गाठेल.

कॅन धुण्याच्या पाण्याचा ६ किलोवॅटचा हीटर संध्याकाळी दोन तास चालत असेल, तर तो आजच टायमर लावून दुपारवर घ्या आणि पाण्याच्या टाकीला जाड आवरण घाला. पाणी गरम राहिलं तर वर्षाला बारा हजारांच्या आसपास वाचतील.

बर्फाच्या टाकीचं खरं मोल मला पावसाळ्यात दिसतं. वीज गेली तरी बर्फ दूध सांभाळतो, फक्त छोटा पंप चालवावा लागतो. गेल्या पावसाळ्यातली जनरेटरच्या डिझेलची बिलं काढा, नासलेले कॅन मोजा. कॉम्प्रेसर बदलायची वेळ येईल तेव्हा साधा संच आणि बर्फाच्या टाकीचा संच, दोन्हींचं कोटेशन मागवा. फरक दोन लाखांच्या आत असेल, तर टाकी जरूर घ्या, पण शीतकरण केंद्राच्या कमाईतून.