वाचक विचारतात : डोळ्याच्या पडद्यात नव्या चेतापेशी

झेब्राफिश या छोट्या माशाचा खराब झालेला दृष्टिपटल (डोळ्याचा आतला पडदा) पुन्हा तयार होतो, असे वाचले. मग माणसाचा का होत नाही?

दृष्टिपटलाच्या आरपार उभ्या असलेल्या म्यूलर पेशी आपल्यातही आहेत आणि त्या माशातही आहेत. गर्भात दृष्टिपटल घडताना एकाच प्रकारच्या मूळपेशींपासून आधी गँग्लियन पेशी (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशी) जन्मतात. पुढे इतर चेतापेशी होतात आणि म्यूलर पेशी जवळजवळ सर्वांत शेवटी. इजा झाली की माशातली म्यूलर पेशी पुन्हा मूळपेशीसारखी वागू लागते, विभागते आणि तिच्यापासून हवी ती चेतापेशी तयार होते. त्यासाठी तिच्यात एएससीएल१ हे जनुक जागे व्हावे लागते. उंदरात, म्हणजे आपल्यासारख्याच सस्तन प्राण्यात, इजेनंतर ते जागे होत नाही, पेशी फक्त सुजते आणि व्रण धरते. एनएफआय गटातली जनुके तिला आहे त्याच रूपात धरून ठेवतात. 2020 मध्ये प्रौढ उंदरांत ती काढून टाकल्यावर काही म्यूलर पेशींच्या चेतापेशी झाल्या.

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सिएटलच्या टॉम रे यांच्या गटाने उंदरावर नेमके काय केले? नव्या पेशी खरोखरच नव्या, हे कसे ठरवले?

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या गटाने असे उंदीर तयार केले, ज्यांना टॅमॉक्सिफेन हे औषध दिले की फक्त म्यूलर पेशींत एएससीएल१ सुरू होते आणि त्याच पेशी कायमच्या हिरव्या चमकू लागतात. मग डोळ्यात एनएमडीए हे रसायन टोचून आतल्या थरातल्या चेतापेशी मारल्या. 2015 पर्यंतचा अनुभव असा, की हे फक्त पिल्लांत जमे. वय वाढले की डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट आवळला जातो आणि एएससीएल१ ला चेतापेशीच्या जनुकांपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून 2017 च्या प्रयोगात ट्रायकोस्टॅटिन-ए दिले. हे रसायन ती आवळण सैल करते. तेव्हा प्रौढ उंदरातही हिरव्या पेशींपासून बायपोलर आणि अमॅक्राइनसारख्या (पडद्यातला मधला दुवा असलेल्या) चेतापेशी झाल्या. त्यांनी शेजाऱ्यांशी जोडण्या केल्या आणि प्रकाशाला प्रतिसादही दिला. प्रकाश टिपणाऱ्या रॉड व कोन पेशी मात्र अशा सहजी मिळत नाहीत.

नव्या पेशी होण्याआधीच म्यूलर पेशींना हिरवी खूण लावली, हे इथे सगळ्यांत महत्त्वाचे. काही गटांनी विषाणूवाहक (जनुक पेशीत नेणारा विषाणू) वापरून एकाच वेळी जनुक आणि रंग पोचवला आणि भरपूर नव्या चेतापेशी मिळाल्याचे जाहीर केले. पण त्या वाहकातला ‘फक्त ग्लियल पेशीत (म्यूलरसारख्या आधारपेशीत) चालणारा’ प्रोमोटर, म्हणजे जनुक सुरू करणारा डीएनएचा तुकडा, गळका निघाला, त्यामुळे जुन्याच चेतापेशी रंगल्या होत्या. असा कुठलाही शोधनिबंध हाती घ्याल, तेव्हा आकृत्यांआधी ही खूण कधी आणि कशी लावली ते पाहा.

वडिलांना काचबिंदू आहे. एका ठिकाणी स्टेम सेलचे इंजेक्शन सुचवले आहे. घ्यावे का?

घेऊ नका. काचबिंदूत गँग्लियन पेशी मरतात. त्यांचे दहा-बारा लाख तंतू मिळून दृष्टिनाडी होते. नवी पेशी निर्माण झाली, तरी तिचा तंतू मेंदूतल्या नेमक्या जागी पोहोचला पाहिजे. 1980 च्या दशकात मॉन्ट्रियलच्या अल्बर्ट अग्वायो यांनी पायाच्या नाडीचा तुकडा जोडून उंदीरजातीत काही तंतू मेंदूपर्यंत नेले. 2008 मध्ये उंदरात पीटीईएन जनुक काढल्यावर तंतू दृष्टिनाडीतच वाढले. पण हे जनुक कर्करोगालाही आवर घालते, त्यामुळे रुग्णात ते सरसकट बंद करणे धोक्याचे.

2017 मध्ये अमेरिकेतला एक प्रकार प्रसिद्ध झाला. पडद्याच्या विकारासाठी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या आणि तिघींचीही दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेली. कुणी ‘चाचणी’ म्हणत असेल, तर सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि आचारसमितीची मंजुरी मागा. त्यासाठी पैसे मागितले किंवा दोन्ही डोळे एकदम करायचे म्हटले, तर तिथून निघा. नोंदणी आहे म्हणजे उपचार सिद्ध झाला, असेही नाही.

डोळ्यातला दाब कमी ठेवणे हाच आज सिद्ध झालेला उपाय. दाब कमी करणारे थेंब एक दिवसही चुकवू नका. थेंब टाकल्यावर डोळे मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या. वडिलांच्या भावंडांनी आणि तुम्हीही चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब व दृष्टिनाडी तपासून घ्या.